तिन्हीसांजेचे सेवक आणि खुणा मोजणारे आपण



आज एका थरारकादंबरीबद्दल बोलायचं आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो, तिचा शेवट उघड केल्याशिवाय आम्हाला पुढे सरकता येणार नाही. ज्यांना ती वाचायची आहे आणि शेवट आधी कळलेला चालत नाही, त्यांनी हे व्याख्यान बाजूला ठेवावं, कादंबरी संपवावी आणि मग यावं. आम्ही रागावणार नाही.

कादंबरी डीन कुंट्झ यांची, 'द सर्व्हंट्स ऑफ ट्वायलाइट'. १९८४ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा तिचं नाव नुसतं 'ट्वायलाइट' होतं आणि वर लेखकाचं नाव होतं ली निकोल्स. हे कुंट्झ यांचंच टोपणनाव. त्या काळात ते निरनिराळ्या नावांनी लिहीत असत. पुढे ते खूप खपाचे लेखक झाले, तशी यातली बरीच पुस्तकं त्यांच्या खऱ्या नावानं पुन्हा निघाली. १९९१ साली या कादंबरीवर चित्रपटही झाला, पण आज आपण पुस्तकापाशीच थांबणार आहोत.

नावाचं मराठी करायचं तर 'तिन्हीसांजेचे सेवक'. आपल्याकडे तिन्हीसांज म्हणजे दिवेलागण. धड दिवस नाही, धड रात्र नाही, म्हणून देवापाशी दिवा लावायचा आणि घरात शांत राहायचं. कादंबरीतला जो पंथ आहे, 'चर्च ऑफ द ट्वायलाइट', त्यांच्या मते साऱ्या जगाचीच तिन्हीसांज झालेली आहे. यानंतर सैतानाची रात्र येणार आणि ती थांबवायला दिवा लावून भागणार नाही. एका मुलाला मारावं लागणार.

आता हे पुस्तक आम्ही आज का निवडलं, ते सांगतो. काही दिवसांपूर्वी आमच्या वाचनगटात ते वाचलं गेलं. सगळी साधी, समंजस माणसं, घरी मुलं-नातवंडं असलेली. कादंबरीभर सगळे त्या मुलाच्या बाजूनं होते. चर्चेला बसलो आणि पहिलंच वाक्य आलं, "पण शेवटी ते पोरगं तसलंच निघालं की!" दोन-तीन जणांनी मान डोलावली. आम्ही विचारलं, कशावरून? तर त्यांनी खुणा मोजायला सुरुवात केली. ही एक खूण, ती दुसरी, तिसरी अमुक. आणि मोजता मोजता एक बाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "अरेच्चा, त्या म्हातारीनंही हेच केलं होतं." आज आम्हाला जे सांगायचं आहे ते सगळं या एका वाक्यात आहे. बाकीचं व्याख्यान म्हणजे त्याचा विस्तार समजा.

आधी गोष्ट थोडक्यात. कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी. ख्रिस्टीन स्कॅव्हेलो नावाची तरुण बाई एकटीनं आपल्या मुलाला वाढवते आहे. मुलगा जोई, वय वर्षं सहा. स्वतःचं दुकान आहे, चाललंय बरं. एका मॉलच्या पार्किंगमध्ये एक म्हातारी त्यांना गाठते, मुलाकडे टक लावून बघते आणि हा कोण आहे ते मला ठाऊक आहे, याला मेलंच पाहिजे, अशा अर्थाचं ओरडू लागते. ही ग्रेस स्पायव्ही, त्या पंथाची प्रमुख. तिला स्वप्नदृष्टान्त होतात आणि त्यांत तिला जोई हा अँटिख्राइस्ट असल्याचं दिसलेलं आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या अंतकाळी ख्रिस्ताचा जो शत्रू येणार, तो म्हणजे अँटिख्राइस्ट.

आपण म्हणू, वेडी बाई आहे, सोडून द्या. ख्रिस्टीनही तेच म्हणते. मग त्यांचा कुत्रा मारला जातो.  पोलिसांचा हवा तसा उपयोग होत नाही, म्हणून ती चार्ली हॅरिसन या खाजगी गुप्तहेराकडे जाते. तिथून पुढे सगळी पळापळ. लपायचं, पंथाच्या माणसांनी शोधून काढायचं, पुन्हा पळायचं. शेवटी सिएरा नेवाडाच्या डोंगरात, बर्फाच्या वादळात, चार्लीच्या केबिनपर्यंत आणि तिथूनही पुढे एका गुहेपर्यंत.

कुंट्झ यांच्या रचनेत एक गोष्ट फार चांगली जमली आहे. जागा लहान लहान होत जाते. पार्किंगचं मोकळं मैदान, मग घर, मग केबिन, मग गुहा. आणि प्रत्येक टप्प्यावर मदत करणारी माणसं कमी होतात. पाठलागाच्या कथेत ही युक्ती नवी नाही, पण इथे तिला अर्थ आहे. एखाद्या कुटुंबावर कुणी शिक्का मारला की त्यांचं जग असंच आक्रसतं. आधी बाजार बंद होतो, मग शेजार, मग स्वतःचं घर.

हा प्रकार इंग्रजी रहस्यकथेत किती जुना आहे, ते बघा. शेरलॉक होम्सची पहिलीच कादंबरी, आर्थर कॉनन डॉइल यांची 'अ स्टडी इन स्कार्लेट', १८८७ सालची. तिच्या उत्तरार्धाचा बराचसा भाग लंडनमध्ये घडतच नाही, तो घडतो अमेरिकेतल्या युटामध्ये. जॉन फेरियर आणि त्यानं वाढवलेली मुलगी ल्यूसी मॉर्मन लोकांच्या वस्तीत राहतात. लग्न पंथातच करायचं, असा हुकूम येतो. विचार करायला २९ दिवसांची मुदत. दुसऱ्या दिवशी छतावर कुणीतरी २८ आकडा लिहून गेलेलं असतं. मग रोज एक कमी. कधी भिंतीवर, कधी जमिनीवर, कधी फाटकावर. घराला पहारा असून आकडा कोण लिहून जातं, ते कळत नाही. बंदुकीशिवाय, रक्ताशिवाय अंगावर काटा येतो.

पण डॉइल यांनी एका खऱ्या, जिवंत धर्मसमुदायाला खलनायक केलं. तेव्हा त्यांनी युटा पाहिलंही नव्हतं. सॉल्ट लेक सिटीला ते गेले १९२३ साली. त्या चित्रणावर अन्यायाचा आरोप होत आला आहे आणि तो आरोप आम्हाला योग्य वाटतो. कुंट्झ यांनी हा धोका टाळला. त्यांचा पंथ काल्पनिक आहे. त्यामुळे कुणाची बदनामी होत नाही. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. ग्रेसच्या अनुयायांना गाव नाही, इतिहास नाही, रोजचं जगणं नाही. एक-दोघं सोडले तर ती बंदूक घेतलेली माणसं आहेत, बस. माणूस अशा पंथात का जातो, हे सांगायला कुंट्झ एक मानसशास्त्रज्ञ मित्र आणून बसवतात आणि तो समजावून सांगतो. जे दाखवायला हवं होतं ते भाषणात उरकलं. कादंबरीची ही पहिली कमतरता.

हे पुस्तक ज्या काळात आलं तो काळ मात्र पानापानात जाणवतो. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानामधल्या जोन्सटाउन इथे जिम जोन्सच्या पीपल्स टेंपल या पंथाचे ९०० हून अधिक लोक मेले. त्यांत शेकडो मुलं होती. हा पंथ कॅलिफोर्नियातच वाढलेला होता. तेव्हा १९८४ सालच्या अमेरिकन वाचकाला पंथाच्या प्रमुखाचा एक शब्द माणसांना कुठवर नेऊ शकतो, हे सांगायची गरज नव्हती.

त्याच काळाची दुसरी बाजू अशी की सैतानाची भीती बाजारात जोरात चालत होती. आयरा लेव्हिन यांची 'रोजमेरीज बेबी' १९६७ सालची, 'द एक्झॉर्सिस्ट' १९७१ सालची, 'द ओमेन' हा चित्रपट १९७६ सालचा. 'ओमेन'मध्ये काय आहे? एक लहान मुलगा, डेमियन. खुणा दिसत जातात आणि बापाची खात्री पटत जाते की हा अँटिख्राइस्ट आहे, याला मारलं पाहिजे. चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षकही मनातल्या मनात बापाला घाई करतो. थांबा जरा, आणि हे पुन्हा मनात म्हणून बघा. एका लहान मुलाला लवकर मारा, असं आपल्याला वाटायला लावलं जातं आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. कारण गोष्टीनं खुणा खऱ्या असल्याची हमी दिलेली असते.

कुंट्झ यांनी ही गोष्ट उलटी करून धरली. त्यांनी विचारलं, 'ओमेन' डोक्यात घेऊन माणसं रस्त्यावर उतरली तर? ग्रेस स्पायव्हीच्या डोक्यात ती स्वतः नायिका आहे. आईच्या बाजूनं पाहिलं तर ती खुनी आहे. गंमत म्हणजे छोटा जोई तिला चेटकीण समजतो. दोघंही एकमेकांना सैतानाच्या गोटातलं मानतात. फरक एवढाच की सहा वर्षांच्या मुलामागे सशस्त्र टोळी नाही.

आणि हे केवळ कागदावर नव्हतं. १९८३ साली कॅलिफोर्नियातच, लॉस एंजलिसजवळच्या मॅनहॅटन बीच इथल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप झाले. बघता बघता त्यात सैतानपूजेच्या आणि भुयारांच्या कथा मिसळल्या. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही दोषी ठरवता आलं नाही. तोवर माणसांची वर्षं गेली, काहींची तुरुंगात गेली. या खटल्याचा कादंबरीशी थेट संबंध आहे, असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की खुणा शोधायची सवय त्या वेळी हवेतच होती.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. खुणा. जो ग्रेसला मानतो त्याला तुम्ही चुकीचं कसं सिद्ध करणार? मूल गोड आहे? सैतान गोडच रूप घेणार. मूल वाचलं? सैतानानं वाचवलं. आई त्याच्यासाठी जीव द्यायला तयार आहे? तिच्यावर भूल पडली आहे. विरुद्ध पुरावा नावाची वस्तूच या खोलीत येऊ शकत नाही. दारातून आत आली की ती बाजूचा पुरावा होऊन बसते.

आणि इथे कुंट्झ लबाडी करतात. चांगल्या अर्थानं म्हणतोय. ते ग्रेसला नुसती वेडी ठेवत नाहीत. चार्ली तिला भेटायला जातो तेव्हा तिच्या तळहातांवर ख्रिस्तासारख्या जखमा उघडतात आणि रक्त येतं. तो ते स्वतः पाहतो. पळणारी माणसं कुठंही लपली तरी ती तिला सापडतात. जोईच्या बापाबद्दल ख्रिस्टीनला फारसं काही माहीत नाही. बोटीवरच्या सफरीत भेटलेला माणूस, नाव सांगितलं लुशियस अंडर. हे काय नाव झालं? मेलेल्या कुत्र्याच्या जागी आणलेला दुसरा कुत्रा हुबेहूब पहिल्यासारखा. आणि गुहेत अगदी शेवटच्या क्षणी वटवाघळांचा लोट येतो आणि ग्रेसवर तुटून पडतो, तिचा जीव घेतो. मुलगा वाचतो. सगळं निवल्यावर चार्लीच्या मनात, ज्यानं या मुलासाठी गोळी खाल्ली त्याच्याच मनात, संशयाचं पिल्लू वळवळू लागतं.

आमच्या गटातल्या मंडळींनी मोजल्या त्या खुणा याच. बघा, किती थोड्या आहेत! एक विचित्र आडनाव, एक कुत्रा, काही वटवाघळं. एवढ्यावर आपण सहा वर्षांच्या मुलाबद्दल निकाल द्यायला निघालो.

यात वाचकाचा दोष आहे का? थोडा आहे, पण सवयीचा जास्त. रहस्यकथा आपल्याला हेच शिकवते की काहीही उगाच येत नाही, प्रत्येक तपशील साठवून ठेवा, शेवटी हिशेब लागणार. त्यातून मराठी वाचक आणखी एका शाळेत शिकलेला आहे. नारायण धारपांचे 'समर्थ' आठवा. समर्थांना एखाद्या जागी अमंगळ जाणवलं की ते तिथे असतंच. त्यांचं कधी चुकत नाही. धारपांच्या जगात अमंगळ ओळखणारा माणूस हा तारणारा असतो आणि आम्हीही ती पुस्तकं रात्री जागून वाचली आहेत, आजही वाचतो. त्या जगाचा तो नियमच आहे, त्यात वावगं काही नाही. पण तोच नियम घेऊन आपण कुंट्झ यांच्या कादंबरीत शिरतो आणि नकळत ग्रेस स्पायव्हीच्या रांगेत जाऊन उभे राहतो. इथे अमंगळ ओळखणारी व्यक्तीच मारेकरी आहे.

हे सगळं गोष्टीपुरतं आहे, असं वाटत असेल तर एक आठवण करून देतो. महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्याविरुद्धचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत गुन्हा ठरणाऱ्या गोष्टींची यादी आहे आणि तिच्यात एखादी व्यक्ती सैतान किंवा सैतानाचा अवतार आहे असं जाहीर करणं, हेही आहे. म्हणजे ग्रेस त्या पार्किंगमध्ये जे ओरडली, तेच. कायदा करणाऱ्यांनी ते कादंबरीतून घेतलेलं नाही. अशा शिक्क्यानंतर माणसांचं काय होतं, ते पाहून घेतलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतरच तो अध्यादेशाच्या रूपानं आला.

मग या कादंबरीचं मोल काय ठरवायचं? आमच्या मते तिचं हृदय ज्या माणसात आहे त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. काईल बार्लो. ग्रेसचा उजवा हात. अवाढव्य देहाचा, चेहऱ्यानं भीतीदायक, आधीचं आयुष्य हिंसेत गेलेलं. त्याला जगानं राक्षसच मानलं होतं. ग्रेसनं त्याला पहिल्यांदा माणूस म्हणून जवळ केलं, काम दिलं, अर्थ दिला. तिच्यावर त्याची श्रद्धा खरी आहे. आणि गुहेत, मुलाला मारायची वेळ त्याच्यावर येते तेव्हा तो मारत नाही.

का मारत नाही? त्याला काही नवा पुरावा मिळाला का? नाही. ग्रेस खोटी आहे हे कळलं का? तेही नाही. त्याच्यासमोर एक घाबरलेलं पोर आहे, एवढंच त्याला दिसतं. चेहऱ्यावरून माणसाला राक्षस ठरवणं म्हणजे काय, हे त्या गुहेत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. खुणांचं उत्तर तो खुणांनी देत नाही. तो हात खाली घेतो. मंडळी, आम्हाला वाटतं, हे या कादंबरीतलं सर्वांत मोठं वाक्य आहे आणि ते शब्दांत लिहिलेलं नाही.

आणि म्हणूनच पुढच्या वटवाघळांवर आमचा राग आहे. माणसानं केलेल्या निवडीवर गोष्ट संपत होती. कुंट्झ यांना तेवढं पुरेसं वाटलं नाही. थरारकादंबरीला खलनायकाचा मृत्यू लागतो, आणि तो नायकाच्या हातून नको, म्हणून चमत्कार आणला. त्या चमत्कारानं बार्लोची निवड झाकली गेली. वाचकाला आठवतात ती वटवाघळं. मग चर्चा होते ती मूल कोण आहे याची; मारणाऱ्यानं हात का आवरला, हे विचारायचं राहून जातं. आमच्या गटाचं जे झालं त्याचा अर्धा दोष आम्ही लेखकाच्या पदरात घालतो.

अर्धाच. कारण त्या शेवटाला चांगली बाजूही आहे. चार्लीच्या मनात संशय येतो, पण तो त्या आईला आणि मुलाला सोडून जात नाही. खात्री नसताना एखाद्यावर माया करणं, हे आपण सगळेच आईबाप करत असतो. कुठलं मूल मोठेपणी कोण होणार, याची हमी कुणाकडे असते? ग्रेसला हमी हवी होती. चार्ली हमीशिवाय राहायला शिकतो. हे लेखकाच्या मनात होतं की आम्ही त्याला देतोय, हे ज्यानं त्यानं वाचून ठरवावं.

बाकीच्या उणिवाही सांगायला हव्यात. चार्ली आणि ख्रिस्टीन यांचं प्रेम फारच लगेच जमतं. पाहिलं आणि पडले. मधल्या भागात पळणं, लपणं, सापडणं याची तीच तीच आवर्तनं होतात, पन्नासेक पानं सहज गाळता आली असती. ख्रिस्टीन तरुणपणी काही काळ नन होती, हा धागा सोन्यासारखा होता. जिनं स्वतः श्रद्धेसाठी घर सोडलं होतं, तिला ग्रेस आतून कळायला हवी होती. तो धागा लेखकानं हातात घेतला आणि पळापळीत सोडून दिला.

तरीही वाचा. रात्री वाचायला घेतलंत तर झोप उडेल, हे नक्की. फक्त संपवल्यावर एक करा. पुस्तक मिटा आणि स्वतःला विचारा, मी कुठल्या पानावर त्या मुलाविरुद्ध पहिली खूण मोजली? ते पान सापडलं की त्यावर बारीकशी पेन्सिलीची रेघ मारून ठेवा. आमच्या प्रतीत ती रेघ आहे. ती बाई बोलल्या तेव्हा आम्हालाही कळलं, की मान डोलावणाऱ्यांत आम्हीसुद्धा होतो.

प्रश्न असतील तर घेऊ.